मत्स्यपेटी : आधी स्टँड, मग मासे



शाळेत मत्स्यपेटी ठेवायची म्हटले की आपण आधी मासे निवडतो. आज आपण आधी वजन पाहू या.

समजा, पेटी ६० सें.मी. लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे. ३२ सें.मी.पर्यंत भरल्यास त्यात सुमारे ५५ लिटर, म्हणजे ५५ किलो पाणी मावते. ६ मि.मी. जाडीची काच १२ किलो, वाळू ८ किलो. एकूण ७५ किलो! एवढा भार रात्रंदिवस पेलायचा आहे.

जुने टेबल वाकते, भुसा-बोर्ड पाण्याने फुगतो. मग पेटीला सगळीकडून सारखा आधार मिळत नाही आणि काच तडकते. म्हणून लोखंडी अँगलचा, वेल्डिंग केलेला, रंगवलेला स्टँड घ्यावा. त्यावर जाड वॉटरप्रूफ प्लायवूड व थर्माकोलचा ताव अंथरावा. पाणसळ लावून पातळी तपासावी.

अ‍ॅक्रिलिक हलके असते, पण त्यावर लवकर ओरखडे पडतात. शाळेत काचच बरी. पाण्याचा दाब लांबीवर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. म्हणून पेटी उंच करायची तर काचही जाड हवी. सांध्यांना बुरशीनाशक नसलेले सिलिकॉनच वापरावे. बुरशीनाशक माशांना घातक ठरते.

पालक व विश्वस्तांना विनंती : काटकसर सजावटीत करू या, स्टँडमध्ये नको. पेटीजवळ लहान मुले उभी राहणार आहेत. स्टँड भिंतीला पक्का करावा, दोन दिवस नुसते पाणी भरून पाहावे आणि मगच मासे आणावेत.