बर्फाखालचा मासा आणि आपली कृष्णा

(प्रस्तुत पाठात अतिथंड प्रदेशातील एक खोल सरोवर आणि आपल्या कोयना-कृष्णा यांची तुलना केली आहे. माशाला जगण्यासाठी पाण्यातून काय मिळावे लागते, हे या पाठावरून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, मासे पकडणारी माणसे तुम्ही पुष्कळ वेळा पाहिली असतील. सांगलीच्या आयर्विन पुलावरून खाली पाहिले, की कधी कृष्णेच्या पात्रात जाळे टाकणारा भोई किंवा कोळी दिसतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना या नद्यांचा प्रीतिसंगम आहे. तिथे काठावर कुणी गळ टाकून बसलेला असतो. कुणी होडीतून जाळे टाकतो, कुणी काहिलीत बसून नदी ओलांडतो. पण भर सरोवरावर पायी चालत जाऊन, पाण्याला भोक पाडून मासा धरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

ही गंमत नाही. कॅनडा देशात हिवाळ्यात असे अनेक लोक दिसतात. त्या देशाच्या उत्तर भागात थंडी इतकी कडक असते, की तापमान शून्याखाली तीस अंश किंवा त्याहूनही खाली जाते. सरोवरांवर बर्फाचा जाड थर साचतो. तिथले 'ग्रेट बेअर' नावाचे सरोवर चारशे मीटरांहून अधिक खोल आहे आणि ते वर्षातले निम्म्याहून अधिक महिने बर्फाने झाकलेले असते.

अशा सरोवरावर मासेमारीला जाणारा माणूस आधी बर्फाची परीक्षा घेतो. पहारीने ठोकून तो बर्फ किती पक्का आहे ते पाहतो. निदान दहा सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ आणि कठीण बर्फ एका माणसाचे वजन पेलतो. पांढरट, भुसभुशीत बर्फ दिसायला जाड असला तरी कमजोर असतो. ही परीक्षा न घेता जो पुढे जातो, त्याचा जीव धोक्यात येतो. बर्फ पक्का आहे अशी खात्री झाली, की तो मोठ्या गिरमिटाने बर्फाला गोल भोक पाडतो. त्या भोकातून तो दोर आत सोडतो. दोराच्या टोकाला गळ असतो आणि गळाजवळ धातूचा चकचकीत तुकडा असतो. माणूस दोर हळूहळू वर-खाली करतो. खालच्या अंधारात तो तुकडा छोट्या माशासारखा चमकतो आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो.

हा मोठा मासा म्हणजे 'लेक ट्राउट'. काश्मीरच्या ओढ्यांतही ट्राउट मासा मिळतो. ती जात वेगळी आहे, पण दोघेही एकाच कुळातील आहेत. लेक ट्राउटला थंड पाणी फार आवडते. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट झाले, की तो सरोवराच्या खोल भागात निघून जातो. हिवाळ्यात सगळेच पाणी थंड असते. म्हणून तेव्हा तो खालीही सापडतो आणि बर्फाच्या जवळही येतो.

आता तुम्ही विचाराल, "एवढ्या थंडीत सगळे सरोवर का गोठत नाही? खालचे मासे जिवंत कसे राहतात?" याचे उत्तर पाण्याच्या एका अजब गुणात आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात आणि जड होत जातात. पाणीही थंड होताना जड होते, पण फक्त चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड झाले, की ते पुन्हा प्रसरण पावते आणि हलके होते. त्यामुळे चार अंशांचे जड पाणी तळाशी राहते, त्याहून थंड पाणी वर येते आणि सर्वांत वर बर्फ तरंगतो. हा बर्फ पांघरुणासारखे काम करतो. बाहेर कितीही वारा सुटला, तरी खालच्या पाण्याची ऊब तो जाऊ देत नाही. विज्ञानाच्या तासाला तुम्ही 'पाण्याचे असंगत आचरण' शिकला असाल. तेच हे आचरण होय. पाण्याला हा गुण नसता, तर थंड देशांतील सरोवरे तळापासून गोठत गेली असती आणि त्यांत एकही मासा उरला नसता.

पण मासा केवळ उबेवर जगत नाही. त्यालाही श्वास लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी घेतो. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी जितके थंड, तितका जास्त प्राणवायू त्यात विरघळतो. चार अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 13 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे जवळजवळ निम्मा! बर्फाखाली कोंडलेला मासा आपल्याला बिचारा वाटतो. परंतु खोल आणि स्वच्छ सरोवरात त्याच्याजवळ श्वासाची जेवढी शिल्लक असते, तेवढी मे महिन्यात कृष्णेतल्या माशाजवळ नसते.

हाच नियम मनात धरून आता आपल्याकडच्या पाण्याकडे पाहू. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर मोठे धरण आहे. त्याची उंची सुमारे 103 मीटर आहे. धरणामागे अडलेल्या पाण्याला 'शिवसागर' असे नाव आहे. हा जलाशय सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरला असून त्यात सुमारे 105 अब्ज घनफूट पाणी मावते. वर्तमानपत्रात "कोयनेत इतके टीएमसी पाणी" असे छापतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. शिवसागराची जास्तीत जास्त खोली सुमारे 80 मीटर आहे. पंचवीस मजल्यांची इमारत उभी केली, तर ती या पाण्यात बुडून जाईल!

शिवसागरावर बर्फ कधीच साचत नाही. तरीही थराथराचा नियम इथेही चालतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि वरच राहते. खालचे पाणी थंड आणि जड असते. दोन्ही पाणी सहजासहजी एकमेकांत मिसळत नाही. त्यामुळे वरची हवा तळापर्यंत पोहोचत नाही आणि अगदी खोल पाण्यात प्राणवायू कमी होऊ लागतो. माशाला फार ऊनही नको आणि कोंडलेला तळही नको. तो आपल्याला मानवेल अशा थरात राहतो. म्हणून खोल पाण्यात जाळे किती खाली सोडायचे, हे मच्छीमाराच्या मर्जीवर नसते. ते पाणीच ठरवते. कॅनडातला माणूस दोर सोडताना हाच हिशेब करतो.

कोयनेतून खाली सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि पुढे सांगलीला पोहोचते. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणाही कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात मात्र नदीची धार बारीक होते, पाणी तापते आणि त्यातला प्राणवायू आधीच कमी झालेला असतो. अशा वेळी गावांचे सांडपाणी किंवा कारखान्यांची मळी नदीत आली तर काय होते? मळी काही विषासारखी एका क्षणात मारत नाही. पाण्यातले जिवाणू ती घाण खाऊ लागतात आणि खाताना प्राणवायू संपवतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात. शेवटी ते गुदमरून मरतात. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेच्या पाण्यावर असे असंख्य मेलेले मासे तरंगताना लोकांनी पाहिले. मरळ मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यात तो काही काळ टिकतो. इतर बहुतेक माशांना ती सोय नाही.

मित्रांनो, हे केवळ माशांचे दुःख नाही. ज्या नदीत मासा गुदमरतो, त्याच नदीचे पाणी नळाने आपल्या घरी येते. मासा हा पाण्याचा पहारेकरी आहे. तो मरतो तेव्हा आपल्याला सावध करूनच मरतो.

माशांवर दुसरे संकट माणसाच्या हावेचे आहे. लेक ट्राउट फार सावकाश वाढतो. अंडी घालण्याइतका मोठा होण्यास त्याला सहा-सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. उत्तर अमेरिकेतील 'सुपीरियर' सरोवरात हे मासे विपुल होते. लोकांनी ते बेसुमार पकडले. त्यातच जहाजांसाठी खोदलेल्या कालव्याच्या वाटेने लॅम्प्रे नावाचा रक्त शोषणारा जीव वरच्या सरोवरांत शिरला. 1938 मध्ये तो सुपीरियर सरोवरात आढळला आणि पुढच्या वीस वर्षांत ट्राउट नाहीसा होण्याच्या बेतात आला. तेव्हा कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांनी 1955 मध्ये एकत्र येऊन आयोग नेमला. लॅम्प्रेचा बंदोबस्त केला, पकडण्यावर मर्यादा घातली आणि माशांची पिल्ले पाण्यात सोडली. अखेर 2024 मध्ये सुपीरियर सरोवराच्या बहुतेक भागात ट्राउट पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. बिघडवायला वीस वर्षे पुरली, सुधारायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आपल्याकडे काय घडते ते पाहा. पहिला जोराचा पाऊस पडला, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांकडे चढू लागतात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. लोक मोठ्या हौसेने ते पकडतात. पण हे मासे चढतात कशासाठी? अंडी घालण्यासाठी. चढणीचा एक मासा पकडला, म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे पकडले. कुणी फार बारीक छिद्रांचे जाळे लावून पिल्लेही गोळा करतात. कुणी तर पाण्यात स्फोट घडवतात किंवा विषारी पावडर टाकतात. त्यात मोठ्या माशांबरोबर पिल्ले, अंडी आणि इतर जीवही नष्ट होतात. भारतात 1897 साली झालेल्या कायद्यानेच स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली होती.

चांगली उदाहरणेही आपल्या राज्यात आहेत. कृष्णा-कोयनेच्या पाण्यात महाशीर नावाचा मोठा, देखणा मासा राहतो. त्याला स्वच्छ आणि वाहते पाणी लागते. तो कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे 1970 च्या दशकापासून महाशीराची पिल्ले तयार करण्याचे काम सुरू झाले. तिथली पिल्ले अनेक नद्यांत आणि तलावांत सोडण्यात आली. परंतु पिल्ले सोडून भागत नाही. ज्या पाण्यात ती सोडायची, त्या पाण्यात श्वास शिल्लक हवा.

कॅनडातला मच्छीमार बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी बर्फाची परीक्षा घेतो, कारण त्याचा जीव त्या बर्फावर असतो. आपला जीव नदीवर आहे. म्हणून नदीत काहीही टाकण्यापूर्वी आणि नदीतून काहीही काढण्यापूर्वी आपणही तिची परीक्षा घ्यायला शिकले पाहिजे.

शब्दार्थ

गिरमिट – भोक पाडण्याचे हत्यार. पहार – लोखंडाची जड सळई. काहील – गूळ करण्याची मोठी, पसरट कढई, हिचा नदी ओलांडण्यासाठीही उपयोग करतात. जलाशय – पाण्याचा मोठा साठा. कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव. मळी – साखर कारखान्यातून निघणारा चिकट, काळसर पदार्थ. विपुल – भरपूर. बेसुमार – बेहिशेब, बेहद. हाव – लालूच.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बर्फाची परीक्षा कशाने घेतात?
(आ) शिवसागर जलाशय कोणत्या नदीवर आहे?
(इ) चढणीचे मासे कशासाठी चढतात?

2. कारणे लिहा.
(अ) सरोवर तळापर्यंत गोठत नाही.
(आ) उन्हाळ्यात नदीतील मासे लवकर गुदमरतात.
(इ) मासा हा पाण्याचा पहारेकरी आहे.

3. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
सुपीरियर सरोवरातील ट्राउट कशामुळे कमी झाले आणि पुन्हा कसे वाढले?

4. भाषाभ्यास.
(अ) उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. दोन्ही अर्थांची एकेक मराठी वाक्ये करा. नदीसाठी 'नदी' हाच शब्द वापरा.
(आ) मराठीत 'नाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ते ओळखून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
(इ) विरुद्धार्थी शब्द लिहा : खोल, थंड, जड, स्वच्छ.

5. उपक्रम.
तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा ओढ्यात पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना किंवा मच्छीमारांना विचारा. माहितीचा तक्ता करून वर्गात लावा.