मत मागितले म्हणून

आपण मत द्यायला जातो. बोटाला शाई लावून घेतो आणि घरी परत येतो. काम थोडक्या वेळाचे. पण हाच हक्क मागितला म्हणून इंग्लंडात माणसे मारली गेली. ती हकीकत आज आपण पाहू.

दोनशे वर्षांपूर्वी मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे मोठे शहर होते. वस्ती लाखावर. पण पार्लमेंटात या शहराचा स्वतःचा एकही सभासद नव्हता! आणि ओल्ड सेरम म्हणून एक ओसाड टेकडी होती. तिथली वस्ती केव्हाच उठून गेलेली. तरी तिचे सभासद दोन. जमिनीचा मालक म्हणेल तोच निवडून यायचा. याला काय म्हणावे?

त्यात लढाई संपली आणि हातमागवाल्या विणकरांची मजुरी घसरत गेली. १८१५ साली सरकारने कायदा केला, की भाव फार चढल्याशिवाय परदेशचा गहू देशात येऊ द्यायचा नाही. जमीनदारांचे फावले, गरिबाची भाकरी महागली. कायदे करणारे कोण? तेच जमीनदार. तेव्हा लोक म्हणू लागले, आम्हालाही मत पाहिजे.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात सभा ठरली. आसपासच्या गावांहून लोक पायी आले. मिडलटन गावच्या लोकांच्या पुढे सॅम्युएल बॅमफर्ड नावाचा विणकर होता. हत्यार घ्यायचे नाही, दंगा करायचा नाही, असे ठरलेले. काठी फक्त म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या हातात. ठेवणीतले कपडे घालून बायका-पोरेही आली होती. कित्येक बायका पांढऱ्या कपड्यांत होत्या. सुमारे साठ हजार माणूस जमला.

हेन्री हंट हा नावाजलेला वक्ता बोलायला उभा राहिला. जवळच्या घरातून मॅजिस्ट्रेट पाहत होते. एवढी गर्दी बघून ते घाबरले. त्यांनी हंटला पकडायचा हुकूम काढला आणि घोडेस्वार पाठवले. हे स्वार म्हणजे तिथलेच दुकानदार, गिरणीवाले वगैरे. घोडी गर्दीत अडकली, तसे स्वार तलवारी चालवू लागले. मागून पलटणीचे स्वारही घुसले. अर्ध्या तासाच्या आत मैदान रिकामे झाले. मागे राहिल्या टोप्या, शाली, जोडे आणि पडलेली माणसे. निदान पंधरा जण मेले, शेकडो जखमी झाले. विल्यम फिल्ड्स नावाचे दोन वर्षांचे पोर तर मैदानात तलवारी चालण्याआधीच गेले. रस्त्याने दौडत आलेल्या एका स्वाराचा धक्का लागून ते आईच्या हातून खाली पडले होते.

शिक्षा कोणाला झाली म्हणता? हंटला अडीच वर्षे कैद, बॅमफर्डला एक वर्ष. मॅजिस्ट्रेटांचे सरकारने आभार मानले! वर सभांवर बंधने घातली आणि स्वस्त वर्तमानपत्रांवर कर बसवला. म्हणजे गरिबाने जमूही नये आणि वाचूही नये. पण बॅमफर्डला लिहिता येत होते. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेले त्याने पुढे पुस्तकात लिहून ठेवले. आजही लोक ते वाचतात.

१८३२ साली कायदा सुधारला. ओल्ड सेरमचे दोन्ही सभासद गेले, मँचेस्टरला दोन मिळाले. मात्र मत मिळाले ते बरे घरदार असलेल्या पुरुषांना. मैदानात आलेले बहुतेक विणकर तसेच राहिले. गुप्त मतदान १८७२ साली आले. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत १९१८ साली मिळाले, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडले.