पोरगं कुणाच्या नजरेत आहे

पोरगा आठवीत गेला की त्याच्या मार्कांआधी त्याच्या चौकडीची चौकशी करायची. हे आमच्या आईनं मला सांगितलं, मी तुझ्या बापाला सांगितलं, आता तू ऐक.

चौकशी म्हणजे उलटतपासणी नव्हे. मासवडीचा बेत कर आणि सगळ्यांना जेवायला बोलाव. कोण हुकूम सोडतो, कोण निमूट ऐकतो, आपला त्यात कुठं बसतो, हे पंगतीत कळतं. प्रत्येकाच्या बापाचा नंबर घेऊन ठेव. डोंगरातल्या आहुप्याच्या बाजूचं, आश्रमशाळेत राहणारं एखादं पोर त्यात असेल तर त्याला आग्रहानं बोलाव. गरिबीवरून दोस्त तोडू नकोस.

या वयाची खोड वेगळीच. एकटा असला की घाटात गाडी हळू घेणारा पोरगा, मागे दोघं बसले की सुसाट सोडतो. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या खेळावर हेच तपासलं. दोस्त बघत असले की पोरं जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांत तो फरक फारसा दिसला नाही. पुढं २०१६ मध्ये स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. तरण्या पोरांच्या घोळक्यात त्यांच्याहून जरा मोठा, पंचविशी-तिशीतला माणूस बसवला की ती पोरं पुन्हा सांभाळून वागू लागली. माझा तर यावर पुरा विश्वास आहे. पोराला घोळक्यातून ओढून काढू नकोस, घोळक्यात एक जाणता घाल.

बैलगाडा शर्यतीचंच घे. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या बंदीनंतर थंडावलेले शर्यतीचे घाट डिसेंबर २०२१ च्या परवानगीनंतर पुन्हा भरले. पोरगा यात्रेत शर्यत बघायला जाणारच. त्याला नुसतं आरडाओरडा करायला सोडू नकोस. बैल पाळणाऱ्या, पैजेच्या पैशापासून लांब असलेल्या माणसाच्या हाताखाली दे. पहाटेची वैरण, खरारा, बैल फिरवणं त्याच्याकडे असलं की माईकवर गाड्याचं नाव पुकारताना त्यात आपला वाटा आहे हे त्याला कळतं. नाव त्याला हवंच असतं. असं मिळालं नाही तर कोयता घेऊन रील काढायला शिकवणारे गावोगाव आहेत, आणि ते आपल्यापेक्षा लवकर भेटतात.

पैशाचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २०२३ च्या जुलैसारखा तेजीत आला की घरात रोकड खेळते आणि पोराचा हात सैल होतो. विक्रीची पट्टी त्यालाच वाचायला लाव. औषध, क्रेट, मजुरी, गाडीभाडं वजा करून उरलं किती, ते त्यानंच सांगावं. तोडणीला आला तर इतरांइतकीच मजुरी दे, फुकट एक रुपया देऊ नकोस.

गाडीची चावी तुझ्या खिशात ठेव. अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

चारचौघांत हात उचलू नकोस. दोस्तांसमोर मार खाल्लेला पोरगा ती गेलेली पत त्यांच्याकडूनच परत मिळवायला जातो, आणि त्यासाठी ते सांगतील ते करतो. दुसऱ्या दिवशी बांधावर, दोघांचे हात कामात असताना बोल.

आणि कधी त्यानं कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांबं विकलेलं निघालं, तर पुढाऱ्याला फोन लावून मिटवू नकोस. अशानं त्याला एवढंच कळेल की बापाची ओळख पुरते. ज्याची केबल गेली त्याच्या दारात त्याला घेऊन जा. बोलायचं त्यानं, तू मागे उभा राहा. भरपाई त्याच्या मजुरीतून कापायची, मग दोन हंगाम लागले तरी चालतील.