खांबाचे बळ : माळवदापासून लोखंडी मांडवापर्यंत

बीदरच्या किल्ल्यात हिंडणाऱ्यास दोन तऱ्हेचे खांब पाहावयास मिळतात. सोळा खांब मशिदीतील (बांधकाम १४२३-२४) खांब गोल, भक्कम आणि दोन हातांच्या कवेत न मावणारे. रंगीन महालातील खांब लाकडी, कोरीव आणि सडपातळ. या महालाला आजचे रूप अली बरीदच्या कारकिर्दीत (१५४२-१५८०) आले. दोन्ही आपापला भार पेलीत उभे आहेत. परंतु त्यांच्या जिवाला असलेला धोका एकाच जातीचा नाही. जाड खांब फार भाराने चिरडला जाईल. सडपातळ खांब चिरडण्याच्या पुष्कळच आधी वाकेल.

हा दुसरा धोका आपल्या भागात अधिक महत्त्वाचा आहे. बीदर-कलबुर्गीच्या खेड्यांत जुनी घरे लाकडी खांबांवरच्या माळवदाची. नवी सभागृहे, वसतिगृहांच्या पडव्या आणि मंगल कार्यालये लोखंडी नळ्यांवरच्या पत्र्याची. मराठीत खांब म्हणा की शेजारच्या कानडीत कंब म्हणा, तो किती भार सोसेल हे विचारण्याची रीत मात्र क्वचितच आढळते. ज्या संस्था लोकांच्या देणग्यांवर इमारती उभारतात, त्यांच्या कार्यकर्त्यांना व विद्यार्थ्यांना हे गणित ठाऊक असावे, म्हणून हा पाठ आम्ही येथे देत आहो. शाळेतील गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

एक सोपा प्रयोग

पोलादाची एक फूटपट्टी घ्या : लांबी ३० सें.मी., रुंदी २.५ सें.मी., जाडी १ मि.मी. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ पाव चौरस सें.मी. साधे पोलाद दर चौरस सें.मी.ला सुमारे २५०० किलो भार घेतल्यावर नमते. या हिशेबाने पट्टीने ६२५ किलो पेलावयास हवे. आता ती काट्याच्या पारड्यावर उभी धरा आणि वरच्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू दाबा. काटा साडेचार किलोच्या आसपास जाताच पट्टी मध्ये धनुष्यासारखी फुगेल. आणखी दाबले तर पट्टी अधिक वाकेल, पण काटा फारसा पुढे सरकणार नाही. हात सोडताच पट्टी पुन्हा सरळ होते. म्हणजे पोलादाला काहीच इजा झालेली नाही. तरीही खांब या नात्याने पट्टी निकामी झाली.

आता सोबत्याला सांगा, की पट्टी बरोबर मध्यावर चिमटीत धर आणि तिला बाजूला सरकू देऊ नकोस. पुन्हा दाबा. या वेळी पट्टी फुगण्यास सुमारे अठरा किलो लागतील. पट्टी तीच, पोलाद तेच. केवळ मध्यावरच्या चिमटीने बळ चौपट झाले. या पाठाचे सार या चिमटीत आहे.

अशा वाकण्याला आपण बाक म्हणू, आणि ज्या भाराला बाक सुरू होतो त्याला क्रांतिक भार.

सूत्र कोठून आले

लांबी दुप्पट केली की बळ चौथाई होते, ही गोष्ट हॉलंडमधील लायडनच्या म्यूशेनब्रूक या शास्त्रज्ञाने प्रयोग करून १७२९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे गणित बसविले ते स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या लिओनार्ड ऑयलर (१७०७-१७८३) याने. १७४४ मध्ये त्याने लवचिक वक्रांवर लिहिलेल्या परिशिष्टात ते प्रथम आले आणि १७५७ मध्ये खांबांच्या बळावर त्याने स्वतंत्र निबंधही लिहिला.

त्याचा विचार असा. सरळ खांबाला मध्यावर यत्किंचित बाक आला असे समजा. आता दोन पक्षांत झुंज लागते. वरचा भार त्या बाकाचा फायदा घेऊन खांब आणखी वाकवू पाहतो. भार गुणिले बाक, एवढा त्याचा जोर. उलट खांबाचा ताठरपणा त्याला सरळ करू पाहतो. त्याचाही जोर बाकाच्या प्रमाणात वाढतो, पण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दोन्ही बाजू समान मांडल्या की बाक दोन्हीकडून कटतो. म्हणजे झुंजीचा निकाल बाक केवढा यावर अवलंबून नाही. भार केवढा यावरच आहे. क्रांतिक भाराच्या खाली ताठरपणा जिंकतो. त्याच्या वर भार जिंकतो आणि बाक वाढतच जातो.

सूत्र येणेप्रमाणे :

भ = ९.८७ × य × न ÷ (ल × ल)

यात भ म्हणजे क्रांतिक भार. ९.८७ हा वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराचा वर्ग. य म्हणजे पदार्थाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक. पोलादासाठी सुमारे २० लाख आणि चांगल्या सागवानासाठी सुमारे १ लाख किलो प्रति चौरस सें.मी. न म्हणजे छेदाचे निरूढी-परिबल, अर्थात छेदाच्या आकारामुळे येणारा ताठरपणा. आयताकृती छेदासाठी रुंदी × जाडी × जाडी × जाडी ÷ १२. आणि जाडी म्हणून लहान बाजूच घ्यावयाची, कारण खांब नेहमी पातळ अंगाने वाकतो. ल म्हणजे खांबाची उंची, सें.मी.मध्ये.

सूत्रात पदार्थ चिरडण्याचे बळ कोठेच आलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. महाग व अधिक मजबूत जातीचे पोलाद आणले तरी सडपातळ खांबाचा क्रांतिक भार वाढत नाही, कारण सर्व पोलादांचा य जवळजवळ सारखाच.

टोके कोणी धरली आहेत

वरचे सूत्र दोन्ही टोके जागेवर धरलेल्या, पण फिरण्यास मोकळ्या असलेल्या खांबाचे. त्याचे बळ एक धरले, तर एक टोक घट्ट रोवले असता बळ सुमारे दोन, आणि दोन्ही घट्ट रोवली असता चार. परंतु खालचे टोक रोवून वरचे अगदीच मोकळे सोडले, निशाणाच्या काठीसारखे, तर बळ केवळ एक चतुर्थांश. एकाच खांबाच्या बळात टोकांच्या पकडीमुळे सोळापट अंतर पडते. म्हणून कोणताही खांब पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : याचे वरचे टोक कोण धरते?

माळवदाच्या घराचा हिशेब

आपल्याकडील माळवदात तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तिच्यावर कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. एका खांबाच्या वाट्याला ५ चौरस मीटर छप्पर येते असे धरू. माती ४५ सें.मी., म्हणजे दीड फूट. घनमीटरला १६०० किलो या दराने दर चौरस मीटरवर ७२० किलो माती. लाकडाचे ८० मिळवून ८००. म्हणजे एका खांबावर ४००० किलो.

खांब सागवानी, १२ सें.मी. चौरस, उंची ३ मीटर. न येतो १७२८. क्रांतिक भार सुमारे १८,९५० किलो. पण लाकडात गाठी असतात, खांब तंतोतंत सरळ नसतो, भार नेमका मधोमध बसत नाही. म्हणून लाकूडकामाच्या भारतीय मानकाने लांब खांबांसाठी सूत्राच्या अडीचाव्या हिश्श्याएवढाच भार मान्य केला आहे. आपला सुरक्षित भार झाला ७५८० किलो. खांब निर्धास्त आहे.

आता खर्च वाचविण्यासाठी १० सें.मी. चौरस खांब घातला तर? न उतरतो ८३३ वर आणि सुरक्षित भार ३६५० किलोंवर. दोनच सें.मी. कमी केले, आणि सुरक्षित भार निम्म्याहून खाली गेला. चार हजारांचे ओझे आता पेलवत नाही. किंवा खांब १२ चाच ठेवून उंची ४ मीटर केली, तर सुरक्षित भार ४२६० किलो. त्यावर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे माती चढवून थर आणखी १० सें.मी.नी वाढला, तर भार ४८०० किलो झाला आणि मर्यादा ओलांडली. पावसाने भिजलेली माती याहूनही जड. उलट माती २० सें.मी.वर आणली, तर त्याच खांबावर केवळ २००० किलो राहतात.

हा हिशेब कागदी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. किल्लारी आपल्या सीमेपासून दूर नाही, आणि तेथील घरेही आपल्यासारखीच, जाड दगडमातीच्या भिंतींची व जड माळवदांची. तेथे मुख्यतः भिंती ढासळल्या. कित्येक ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. परंतु यावरून लाकडी खांबाला भीती नाही असे समजणे चुकीचे होय. तळखड्यावर नुसता टेकलेला खांब खाली रोवलेला नसतो, आणि वरचे टोक पुष्कळदा भिंतीच्या आधारानेच जागेवर असते. भिंत गेली की ते टोक केवळ सांध्यांच्या भरवशावर उरते. म्हणूनच भूकंपानंतर अशी घरे बळकट करण्यासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यांत माळवदावरील माती कमी करणे आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू मारणे हे दोन होते. पहिल्याने भार घटतो. दुसऱ्याने टोकाची पकड वाढते. सूत्राच्या दोन्ही बाजू सुधारतात.

लोखंडी नळीचा हिशेब

सभामंडपासाठी ६ सें.मी. बाहेरील व्यासाची, ३.६ मि.मी. जाडीची नळी पुष्कळदा वापरतात. तिचा न सुमारे २५.९ आणि छेदाचे क्षेत्रफळ ६.४ चौरस सें.मी. उंची ४ मीटर आणि दोन्ही टोके धरलेली असतील, तर क्रांतिक भार सुमारे ३२०० किलो. चिरडण्यास मात्र १६,००० किलो लागतील. वरची टोके एकमेकांशी तिरप्या आडण्यांनी बांधली नाहीत, तर सगळा मांडव मिळून एका अंगाला कलू शकतो. मग प्रत्येक नळी निशाणाच्या काठीसारखी होऊन तिचा क्रांतिक भार ८०० किलोंवर येतो. वाऱ्याचा धक्का आणखी निराळाच.

तेवढेच लोखंड भरीव कांबीत घातले असते, तर तिचा व्यास २.९ सें.मी.हून कमी भरता आणि क्रांतिक भार सुमारे ४०० किलोच येता. लोखंड तेच, परंतु मध्यापासून दूर नेल्याने बळ आठपट झाले. बांबू पोकळ असूनही ताठ का असतो, याचे उत्तर येथेच आहे.

सूत्राची मर्यादा

हे सूत्र सडपातळ खांबांचे. उंचीला छेदाच्या परिभ्रमण-त्रिज्येने (न भागिले क्षेत्रफळ, त्याचे वर्गमूळ) भागले की कृशतांक मिळतो. वरील नळीची ही त्रिज्या २ सें.मी., म्हणून कृशतांक सुमारे २००. साध्या पोलादात कृशतांक ८९ च्या खाली गेला, की सूत्र चिरडण्याच्या बळाहूनही मोठा आकडा सांगू लागते. तो मानू नये. त्याच्या आसपासही प्रत्यक्ष बळ सूत्राहून कमीच असते. पोलादाच्या भारतीय मानकात कायम भार वाहणाऱ्या खांबाचा कृशतांक १८० हून अधिक नसावा असे आहे. आपली नळी त्यात बसत नाही. लाकडी खांबाची उंची जाडीच्या पन्नासपटीहून अधिक नसावी.

मोठमोठ्या अभियंत्यांच्या हातूनही येथे घात झाला आहे. कॅनडात क्वेबेक येथे बांधकाम चालू असलेला प्रचंड पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार मृत्यू पावले. दाब घेणारे खालचे भाग वाकल्याने तो पडला. त्या भागांना आलेला बाक आधीच्या दिवसांत लोकांच्या नजरेस आला होता. चर्चा चालली होती, काम थांबले नव्हते. बाक ही खांबाने दिलेली नोटीस असते. ती दिसताच माणसे खालून काढावी, भार उतरवावा, आधार द्यावा. मग चर्चा करावी.

ध्यानात ठेवावयाचे नियम

१. उंची वाढविण्यापूर्वी हिशेब करावा. तीनाचे चार मीटर केल्यास बळ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते.
२. खांब मध्यावर दोन्ही दिशांनी बांधावा. चिमटीचा प्रयोग आठवावा.
३. वरची टोके तिरप्या आडण्यांनी पक्की करावी.
४. माळवदावर नवी माती घालण्यापूर्वी जुनी काढावी.
५. स्लॅबखालच्या बल्ल्या तुकडे जोडून वा खाली दगड रचून उंच करू नयेत, आणि आडबांधणीवाचून ठेवू नयेत.
६. हा हिशेब प्रश्न विचारण्यापुरता आहे. इमारतीचा निर्णय जाणकार अभियंत्याकडूनच घ्यावा.

अभ्यासासाठी

१. ८ सें.मी. व्यासाची, ३.५ मीटर उंचीची बल्ली आहे. य १ लाख धरा. गोल छेदासाठी न = ०.०४९१ × व्यासाचा चतुर्घात. क्रांतिक व सुरक्षित भार काढा. (उत्तर : सुमारे १६२० व ६४८ किलो.)
२. हीच बल्ली मध्यावर दोन्ही दिशांनी बांधली तर? (उत्तर : चौपट.)
३. १५ × १० सें.मी.च्या खांबाऐवजी तेवढ्याच लाकडाचा चौरस खांब केला तर बळ किती होईल? (उत्तर : दीडपट.)

विद्यार्थ्यांनी ही उदाहरणे सोडवून झाल्यावर आपल्याच घराचा, शाळेचा किंवा देवळाच्या सभामंडपाचा एक खांब मोजावा : उंची, जाडी आणि वरचे टोक धरणारे काय ते. गावातील प्रत्येक सार्वजनिक छपराखाली एवढी चौकशी एकदा झाली, तरी या पाठाचे काम झाले असे आम्ही समजू.