दूरची खरेदी आणि खरी तक्रार



आपल्या कोल्हापुरांत चप्पल घ्यावयाची झाल्यास आपण चप्पल लाईनमध्यें जातों. दुकानदार जोडामागून जोड पुढें टाकतो. आपण एक उचलतों, वाकवून पाहतों, शिवण तपासतों, पायांत घालून चार पावलें चालतों, आणि मग किंमतीविषयीं बोलूं लागतों. माल व मोल यांची अदलाबदल एकाच ठिकाणीं, दोघांच्या डोळ्यांदेखत होते. दूरच्या खरेदींत ही सोय नाहीं. तेथें बहुधा पैसे आधीं जातात व माल मागाहून येतो. माल पाहिलेला नसतो, केवळ त्याचें वर्णन वाचलेलें असतें. तें वर्णन खोटें ठरलें आणि पैसे क्रेडिट कार्डानें दिलेले असले, तर काय करावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. कार्ड तुमच्या नांवाचें नसेल; परंतु आईच्या किंवा वडिलांच्या फोनवरून वस्तु मागविण्याचें काम पुष्कळ घरांत तुमच्याकडेच असतें, हें मी जाणून आहें.

हा प्रश्न अगदीं नवीन नाहीं. हिंदुस्थानच्या टपाल खात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पोस्टमन पार्सल घेऊन दारीं येई, पैसे मोजून घेई व मग पार्सल हातीं देई. विक्रेत्याचे पैसे त्यामुळें सुरक्षित झाले. परंतु आंत काय निघेल ही काळजी गिऱ्हाइकाच्याच वांट्यास आली. पुढें १९३० च्या माल विक्री कायद्यानें असें ठरविलें कीं, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशीं जुळलाच पाहिजे, आणि न पाहतां घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधि गिऱ्हाइकास मिळाली पाहिजे. त्याच कायद्याची दुसरीही बाजू आहे. नापसंती न कळवितां वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असें धरलें जातें. ही दुसरी बाजू मला पुस्तकापेक्षां अनुभवानें अधिक नीट कळली. तो अनुभव सांगतों.

नववीच्या मुलांनीं रद्दी विकून ३,१०० रुपये जमविले होते. त्यांत माझी भर घालून मीं ७,४०० रुपयांचें एक सूक्ष्मदर्शक यंत्र माझ्या कार्डावर दूरच्या एका विक्रेत्याकडून मागविलें. जाहिरातींत धातूचा सांगाडा, कांचेचीं भिंगें आणि हजार पट मोठी प्रतिमा असें लिहिलें होतें. पेटी आली तेव्हां चांचणी परीक्षा चालू होत्या, म्हणून ती शिक्षकांच्या खोलींत आठ दिवस तशीच राहिली. नवव्या दिवशीं उघडून पाहतों तों भिंगें प्लॅस्टिकचीं, आणि नळी खालीं-वर करणारा स्क्रू पकडच घेईना. कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी विटांच्या भिंतीप्रमाणें ओळीनें दिसावयास पाहिजेत. आम्हांस धुक्याखेरीज कांहीं दिसेना. एका मुलानें भिंग रुमालानें पुसून पाहिलें, तर त्यावर ओरखडा मात्र उठला. विक्रेत्यास फोन केला. सात दिवसांची मुदत टळली, असें सांगून त्यानें संभाषण संपविलें.

यानंतर मीं रागाच्या भरांत एक चूक केली. बँकेस कळविलें कीं, “माझी फसवणूक झाली आहे.” माझ्या दृष्टीनें तें खरेंच होतें, परंतु बँकेच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. कार्डधारकाच्या संमतीवांचून परक्या माणसानें कार्ड वापरलें, असा तो अर्थ होय. बँकेनें तत्काळ माझें कार्ड बंद केलें, चौकशी केली, आणि ओ. टी. पी. मींच दिलेला असल्यामुळें फसवणूक सिद्ध होत नाहीं असें कळवून तक्रार निकालांत काढली. पैसे दुसऱ्यानें काढून नेले ही एक तक्रार; पैसे मींच दिले, परंतु वर्णनाप्रमाणें माल मिळाला नाहीं ही दुसरी. या दोहोंची वाट वेगळी आहे. पहिली वेळ न दवडतां कळवावी लागते. दुसरी पुराव्यानिशीं मांडावी लागते.

दुसऱ्या वाटेस चार्जबॅक म्हणतात. ती समजण्यासाठीं पैशाचा प्रवास ध्यानांत घ्या. कार्ड देणारी आपली बँक एका टोकास आणि विक्रेत्याची बँक दुसऱ्या टोकास असते. मध्यें व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपलें रुपे यांपैकीं एखादें जाळें असतें. पैसे ज्या वाटेनें गेले त्याच वाटेनें हक्काची मागणी उलट जाते. आपली बँक ती जाळ्याच्या द्वारें विक्रेत्याच्या बँकेकडे पाठविते. विक्रेत्यास उत्तर देण्याची संधि मिळते. त्याचें उत्तर समाधानकारक नसल्यास रक्कम परत फिरते. दोन्ही बँकांचें न जुळल्यास जाळ्याच्या लवादापर्यंत प्रकरण जाऊं शकतें. कित्येकदां बँक रक्कम आधीं तात्पुरती जमा करते. ती अंतिम निकाल नव्हे, आणि विक्रेत्याची बाजू खरी ठरल्यास पुन्हां वजा होते. मालाविषयींच्या तक्रारीस जाळ्यांच्या नियमांत बहुधा १२० दिवसांची मर्यादा असते. बँक स्वतः याहूनही लवकर कळविण्यास सांगूं शकते. इंग्लंडांत १९७४ च्या कायद्यानें ठराविक किंमतीच्या खरेदींत कार्ड देणाऱ्यासही विक्रेत्याइतकेंच जबाबदार धरलें. आपल्याकडे हा मार्ग मुख्यतः जाळ्यांच्या नियमांवर व रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांवर उभा आहे.

मीं पुन्हां अर्ज लिहावयास घेतला. जाहिरातीचें चित्र, बिल, मागणीचा क्रमांक, पेटींतील यंत्राचे फोटो हें सर्व एकत्र केलें. बँकेचा पहिला प्रश्न होता, “विक्रेत्यास लेखी कळविलें काय?” मीं केवळ फोन केला होता; म्हणून त्याच दिवशीं विक्रेत्यास ई-मेल लिहून दोष कळविले आणि यंत्र परत पाठविण्याची तयारी दाखविली. त्याचा नकार आला, तोही अर्जास जोडला.

हें चालू असतां वर्गांतील एक हुशार मुलगा म्हणाला, “सर, भिंगें फुटलेलींच आलीं असें लिहा ना. म्हणजे लवकर निकाल लागेल. इथें कोण पाहावयास येणार आहे?” वर्ग माझ्याकडे पाहूं लागला. पैसे मुलांचे होते, आणि मोह मलाही नव्हता असें म्हणवत नाहीं. मीं त्यास विचारलें, “विक्रेत्यानें काय केलें?” तो म्हणाला, “जें नाहीं तें आहे म्हणून लिहिलें.” “आणि आपण काय लिहावें म्हणतोस?” तो खालीं बसला. अर्जाचें शेवटचें वाक्य मीं मुलांसमक्षच लिहिलें: “एका भिंगावरील ओरखडा आमच्या हातून पडला आहे, आमची तक्रार त्याविषयीं नसून भिंगें कांचेचीं नाहींत व स्क्रू चालत नाहीं याविषयीं आहे.”

विक्रेत्यानें उत्तर दिलें कीं, गिऱ्हाइकानेंच यंत्र बिघडविलें. त्यानें पुरावा म्हणून आमच्याच फोटोंतील ओरखड्याकडे बोट दाखविलें. परंतु तो ओरखडा आम्हीं आधींच कबूल केलेला होता. त्यामुळें त्या आरोपांत जोर उरला नाहीं. प्लॅस्टिकविषयीं त्यास उत्तर देतां आलें नाहीं. दोन महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर पूर्ण रक्कम कायमची जमा झाली आणि यंत्र परत गेलें.

समजा, बँकेनें नकारच दिला असता, तर? पुढेंही दारें होतीं. वादग्रस्त बिलाविषयीं तक्रारीपासून ३० दिवसांच्या आंत खुलासा द्यावा, असें बंधन रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या निर्देशांनीं कार्ड देणाऱ्या बँकांवर घातलें. बँकेचें उत्तर आलें नाहीं किंवा तें समाधानकारक नसलें, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. विक्रेत्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. त्याखालील २०२० च्या नियमांप्रमाणें सदोष किंवा जाहिरातीशीं न जुळणारा माल परत घेण्यास अथवा त्याची रक्कम परत देण्यास विक्रेत्यानें नकार देतां कामा नये. आणि अशा खरेदीचा व्यवसाय चालविणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच देऊन एका महिन्यांत तक्रारीचें निवारण करावयाचें असतें. सरकारी ग्राहक मदतीचा फोन क्रमांक १९१५ हा आहे. या कायद्यानें आणखी एक मोठी सोय केली: गिऱ्हाईक जेथें राहतें तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. म्हणजे दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध कोल्हापुरांतच दाद मागतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीची फी नाहीं; मुदत दोन वर्षांची आहे.

आतां घरीं वाचून दाखवाव्या अशा कांहीं गोष्टी सांगतों. वस्तु मागवितांना जाहिरातीचें चित्र फोनमध्यें जतन करून ठेवावें, कारण जाहिरात मागाहून बदलतां येते. पेटी आली त्याच दिवशीं उघडावी, व उघडतांना चित्रफीत घ्यावी. दोष दिसतांच विक्रेत्यास लेखी कळवावें. बँकेस लिहितांना काय ठरलें होतें, काय मिळालें, व आपण काय मागतों, एवढेंच क्रमानें लिहावें. निकाल लागेपर्यंत बिलाकडे दुर्लक्ष करूं नये. वादग्रस्त रकमेचें काय करावें हें बँकेस लेखी विचारावें आणि बाकीची रक्कम मुदतींत भरावी. नाहींतर पुष्कळ कार्डांवर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढतें, आणि तक्रार जिंकूनही माणूस तोट्यांत येतो.

परत मिळालेल्या पैशांतून आम्हीं गांवांतीलच एका दुकानांतून दुसरें यंत्र घेतलें. तें थोडें महाग पडलें. पैसे देण्यापूर्वीं त्या हुशार मुलानें खिशांतून आणलेला कांद्याचा पापुद्रा कांचपट्टीवर ठेवला, डोळा लावला, बराच वेळ पाहिलें, आणि मग मला मानेनेंच होकार दिला.