नानकशाही वीट

आपल्या सह्याद्रीत थोडे खणले की काळा कातळ लागतो. म्हणून आपले किल्ले, मंदिरे, नदीवरचे घाट, इतकेच काय, जुन्या वाड्यांची जोतीदेखील दगडाची असतात. पंजाबच्या मैदानाची गोष्ट निराळी. नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळाची ती भूमी. कोसभर चालावे तरी एक धोंडा दृष्टीस पडू नये! अशा मुलखात टिकाऊ इमारत उभारावयाची, तर मातीच भाजून घेतली पाहिजे. पंजाबातील गवंड्यांनी जी वीट भाजली, ती लहान आणि जेमतेम एक ते दीड इंच जाडीची होती. आपल्या परिचयाची आजची वीट तीन इंच जाड असते, यावरून तिचा पातळपणा ध्यानात येईल. या विटेला लोक नानकशाही वीट म्हणतात.

नावावरून गुरू नानकांनीच ती शोधून काढली, असे मात्र समजू नका. तशा पातळ विटा मोगलांच्या इमारतींतही आढळतात. परंतु पुढे शिखांच्या अमदानीत गुरुद्वारे, किल्ले आणि हवेल्या यांत ती सर्रास वापरली गेली. शीख सत्ताधीशांनी नाणी पाडली तीसुद्धा स्वतःच्या नावाने नव्हेत, तर गुरूंच्या नावाने. त्या रुपयालाही नानकशाही म्हणत. असा मान ज्यांना मिळाला ते नानक स्वतः कोण होते? त्यांच्या अंगावर राजवस्त्रे नव्हती. तलवंडी गावी १४६९ साली त्यांचा जन्म झाला. ते गाव आज पाकिस्तानात असून ननकाना साहिब या नावाने ओळखले जाते. दूरदूरचे प्रवास करून आल्यावर रावी नदीच्या काठी कर्तारपूर येथे ते शेती करून राहिले आणि १५३९ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या शिकवणुकीची सूत्रे तीन : परमेश्वराचे नाम जपावे, कष्ट करून खावे आणि जे मिळेल ते वाटून खावे. जन्मसाख्यांतील, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रांतील, एक कथा पंजाबातील मुले लहानपणीच ऐकतात. गुरू एकदा लालो नावाच्या गरीब सुताराच्या घरी उतरले होते. तेथील मलिक भागो नामक श्रीमंत अधिकाऱ्याने त्यांना मेजवानीला बोलाविले. ते गेले नाहीत. तो रागावला, तेव्हा गुरूंनी एका हातात लालोची कोरडी भाकर व दुसऱ्या हातात भागोचे पक्वान्न घेऊन दोन्ही पिळली. भाकरीतून दूध ठिबकले आणि पक्वान्नातून रक्त!

वाटून खाण्याच्या सूत्रातून लंगर उभा राहिला. तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक होता, की आधी पंगतीला बसा, मग भेटीला या. पंगत हा शब्द आपलाही आहे. पण आपल्याकडे एके काळी पंगती जातवार बसत, हे येथे विसरता येत नाही.

पुढे विचारांप्रमाणेच इमारतही घडली. चौथे गुरू रामदास यांनी १५७७ साली वसविलेल्या नगरात, म्हणजे आजच्या अमृतसरात, सरोवर खोदविले. त्याच्या मध्यभागी पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी हरमंदिर बांधिले. देवळाचा चौथरा उंच असावा हा सर्वत्र प्रघात. हरमंदिराकडे मात्र पायऱ्या उतरून जावे लागते. कितीही मोठा मनुष्य असो, तो खाली उतरतो. मंदिराला चारही दिशांना दारे आहेत. १६०४ साली तेथे जो ग्रंथ स्थापन झाला, त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर विणकर, रविदास चर्मकार आणि शेख फरीद यांची वचने आहेत. आणि आपल्या नामदेव शिंप्याची पदे तर एकसष्ट आहेत.

आता विटेकडे परत येऊ. पातळपणामुळे भट्टीची आच तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचे. ती जोडण्यासाठी चुना व विटांची पूड एकत्र मळीत. त्यात गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर अशा वस्तू चिकटपणासाठी घालीत. स्वयंपाकघरातले हे पदार्थ भिंतीत गेलेले ऐकून वर्गातली मुले हसत. पण त्या भिंती शतकानुशतके उभ्या राहिल्या. वीट लहान असल्याने कमान, घुमट, नक्षीदार कोनाडा, कोणताही बाक साधता येई. शिवाय चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि वीट हळूहळू भुगा होऊन गळू लागते.

अमृतसरातच बाबा अटल नावाचा अष्टकोनी मनोरा आहे. सहावे गुरू हरगोविंद यांचे पुत्र अटलराय वयाच्या नवव्या वर्षी वारले, म्हणून त्या मनोऱ्याला मजलेही नऊच.

हरमंदिरावर मोठे संकट १७६२ साली आले. अहमदशहा अब्दालीने ते सुरुंगाने उडविले व सरोवर बुजविले. लोकांनी काही वर्षांतच ते पुन्हा उभारले. गुरुद्वाराच्या कामी माती उपसणे, विटा वाहणे अशी जी स्वयंस्फूर्त मेहनत करतात, तिला कारसेवा म्हणतात. महाराजा रणजितसिंहांनी पुढे मंदिरावर संगमरवर व सोन्याचे पत्रे चढविले. आज आपणांस दिसते ते हे रूप.

शत्रूने पाडलेले पुन्हा बांधणे सोपे नसले, तरी त्यात मनाचा गोंधळ नसतो. अलीकडचे संकट अधिक अवघड आहे. जुनी वीट जीर्ण दिसते, म्हणून भाविकच श्रद्धेने ती काढून संगमरवर बसवितात. अर्जुनदेवांनी वसविलेल्या तरनतारन येथे गुरुद्वाराची नानकशाही विटांची दर्शनी देवडी होती. २०१९ सालच्या मार्च महिन्यात एके रात्री कारसेवा करणारी मंडळी हातोडे घेऊन तिच्यावर चढली. वरचा भाग कोसळू लागला तेव्हा गावातले लोक धावून आले. तेही भाविकच होते. त्यांनी विरोध केला आणि काम थांबविले.