पौर्णिमेची वाट पाहू नका: लाखनीच्या पाळीवरून मुलांसोबत चंद्र

बुद्धपौर्णिमा जवळ आली की विदर्भातल्या भटक्यांना नागझिऱ्याची मचाणं आठवू लागतात. पाणवठ्यावर रात्रभर बसून जनावरं मोजायची तर लख्ख चांदणं हवंच. त्याच सवयीनं मुलांना चंद्र दाखवायचा बेतही आपण पौर्णिमेलाच आखतो, आणि तिथंच चुकतो. त्या रात्री ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत आणि दुर्बिणीत दिसते ती नुसती डोळे दिपवणारी थाळी. मुलं दोन मिनिटं बघतात नि पळतात. म्हणून माझं सांगणं असं: वैशाखातली किंवा ज्येष्ठातली शुद्ध तृतीया धरा आणि तिथून दशमी-एकादशीपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास द्या.

लाखनी भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लागतं. मामाचं गाव इकडे असेल तर सगळ्या संध्याकाळी मिळतात. नागपूरहून शनिवार-रविवारीच येणं होत असेल, तर षष्ठी ते दशमीच्या मधला शनिवार निवडा. मुलूख धानाचा, सपाट. मालगुजारी तलावाची किंवा एखाद्या बोडीची पाळ गाठली की पश्चिम मोकळी मिळते. पाळ नसेल तर कापणी झालेली कोरडी बांधी चालते, फक्त मालकाला विचारून. चंद्राला गर्द काळोख लागत नाही, हे मुलांच्या आईबापांना फार सोयीचं. घरची गच्चीसुद्धा पुरते, महामार्गाच्या दिव्यांकडे पाठ केली म्हणजे झालं.

सुरुवात अक्षय्य तृतीयेला करता आली तर उत्तम. सूर्य पावणेसातच्या सुमारास बुडतो, आणि थोड्याच वेळात पश्चिमेला कोर दिसते. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य-चंद्राचा मार्ग मावळतीला जवळजवळ सरळ उभा असतो, त्यामुळे चंद्राची उजळ बाजू खाली येते आणि कोर आडवी पडते. पाळीवर बसलेल्या एका पोरीनं गेल्या उन्हाळ्यात ती बघितली आणि म्हणाली, "काका, हा तं डोंगा आहे!" समोर तलावात धीवरांचा डोंगा बांधलेला होता, तस्साच. कोरीच्या वरचा काळा भागही अंधुक दिसतो, तो मुलांना जरूर दाखवा. पृथ्वीवर पडलेलं ऊन परतून चंद्रावर जातं, त्याचा तो उजेड. त्याच कोरीवर दुर्बिणीतून एक वेगळा, लांबट गोल काळा डाग दिसतो: मारे क्रिसियम, म्हणजे जुन्या लाव्ह्याचं मैदान.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सप्तमी-अष्टमीला द्या. संध्याकाळी पाचलाच बाहेर पडा. ऊन अजून असतं आणि अर्धा चंद्र आभाळात आधीच आलेला असतो. मुलाच्या हातात काडीला टोचलेलं लिंबू द्या. ऊन थेट लिंबावर पडेल असं उभं राहून, हात लांब करून ते चंद्राच्या अगदी शेजारी धरायला सांगा. चंद्र जेवढा उजळ, तेवढंच लिंबू उजळ! ऊनही त्याच बाजूला. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं बरीच मोठी माणसंही समजतात. हे लिंबू एकदा हातात धरलं की तो समज जातो.

अंधार पडल्यावर दुर्बीण काढा. १० बाय ५० ची साधी दुर्बीण पुरे. वैशाखातला अष्टमीचा चंद्र दिवेलागणीला जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा मान मोडत उभं राहू नका, अंगणातल्या खाटेवर उताणे पडा आणि कोपरं छातीला टेकवा. नजर उजेड-अंधाराच्या शिवेवर ठेवा. तिथं सूर्य नुकताच उगवलेला असतो, सावल्या लांब पडतात, म्हणून विवरांचे काठ उठून दिसतात. नवमी-दशमीला कोपर्निकस दिसेल. रुंदी ९३ किलोमीटर, जवळपास लाखनी ते नागपूर!

चंद्रयान-३ कुठं उतरलं, हा प्रश्न येतोच. दक्षिण कडेजवळची जागा दाखवा आणि मग सांगा: २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, तिथी श्रावण शुद्ध सप्तमी. उतरायच्या जागी ऊन नुकतंच आलं होतं आणि ते पुढं जवळपास १४ दिवस टिकणार होतं. लँडर सौर ऊर्जेवर चालणारं, म्हणून ती वेळ निवडलेली. मुलं ज्या शिवेकडे बघत असतात, तिच्यावरच हे सगळं गणित उभं होतं.

पौर्णिमा वाया जात नाही. त्या दिवशी उगवता चंद्र मोठा दिसतो, तेव्हा लाखोळीचा एक दाणा हात लांब करून त्याच्यापुढं धरा. एवढासा दाणा चंद्र झाकतो. दोन तासांनी पुन्हा धरा, तोच दाणा तसाच झाकतो. चंद्राचा आकार बदललेला नसतो.

जपायचं ते एवढंच. पाळीवर बूट आणि बॅटरीशिवाय जाऊ नका, विंचू-साप उकाड्यात बाहेर असतात. मुलांना पाण्याच्या कडेला एकटं सोडू नका. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं मोहाखाली येतात, तेव्हा जंगलालगतच्या जागा नकोत. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण पेटीतच ठेवा, सूर्याकडे वळली तर डोळा जातो.

कॅलेंडरवर वैशाखातली किंवा ज्येष्ठातली पुढची शुद्ध तृतीया शोधून तिच्यावर खूण करा, आणि त्या संध्याकाळी सव्वासहाला मुलांना घेऊन पाळीवर या.